एकवीस दिवस

मंगळवार, १४ मार्च
दुकानातून, दुपारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत. तिकडेही सगळं ठीक असेल, असं पुढे लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. तुझ्याकडे ठीक नाही. मला ते कळलंय आणि तुला अजून कळायचंय.

अक्षर ओळखून कागद फाडणार असशील, तर एवढं वाचून मग फाड. तुझ्या मोठ्या हौदातल्या गोल्डफिशची विक्री आजच्या आज थांबव. एक पिशवीसुद्धा बाहेर जाऊ देऊ नकोस. पांढरे ठिपके लागलेत.

मला कसं कळलं म्हणशील. गेले चार महिने टेम्पोवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवून तुझ्याकडून मासे मागवणारी जी बाई आहे, ती तुझी वहिनी. अक्षर तिचं, दुकान माझं. माझ्या नावावर तू एक शेपटीही पाठवली नसतीस. आणि माल तुझ्याइतका चांगला दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही, धंदा म्हणून लिहितोय.

गुरुवारी चाळीस मासे आले. माझ्याकडे नवा मासा आला की तो मागच्या खोलीतल्या टाकीत जातो. त्या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, पाणी काढायची नळी वेगळी. एकवीस दिवस तो विकायला नाही. गिऱ्हाइकं दाराच्या काचेला नाक लावून भांडतात. परवा एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "अहो, मासा पाहिजे मला, पॅरोलवरचा कैदी नको!" मी म्हटलं, "सर, सुटका झाली की कळवतो."

शुक्रवारी दोघे-तिघे दगडाला अंग घासायला लागले. पर मिटलेले, कल्ले भराभर हलतायत. शनिवारी शेपटीवर मिठाचे कण सांडल्यासारखे ठिपके. बंद पडलेल्या एका शाळेच्या सामानातून मी सूक्ष्मदर्शक घेतला होता, वहिनी त्याला माझी दुर्बीण म्हणते. एका माशाच्या अंगावरची बुळबुळ काचेच्या पट्टीवर घेऊन पाहिली. होता तो किडा. गोल, केसाळ, स्वतःभोवती सावकाश फिरणारा, आणि पोटात घोड्याच्या नालेसारखी खूण. शंका घ्यायला जागा नाही.

आता तू म्हणशील, दादाने पुन्हा माझ्यावर ढकललं.

म्हण. तसं म्हणायचा हक्क तुला आहे, आणि म्हणूनच हे पत्र लांबतंय.

माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. तुझा टेम्पोवाला माझ्या दारात खोकी उतरवताना शेजारच्या लाँड्रीवाल्याला सांगत होता, "बाहेरून नवी जोडी आली. बघायला व्यापारी येणार होते, म्हणून मालकांनी थेट मोठ्या हौदातच सोडली." मी आत पावती लिहीत होतो. पेन तिथेच थांबलं. नव्या माशांना वेगळं ठेवायचं, हे ज्याने मला शिकवलं, त्यानेच असं करावं? तू हा नियम काढलास तेव्हा मी हसलो होतो. "मासे आहेत की जावई? एकवीस दिवस कसला पाहुणचार?" आठवतं ना?

मग तेही आठवत असेल.

डोळ्यांच्या दवाखान्यातली ती सहा फुटी टाकी, आपलं पहिलं मोठं काम. तू काच आणायला गेला होतास. डॉक्टरीणबाई बघायला येणार होत्या आणि टाकी मला रिकामी-रिकामी वाटत होती. सकाळीच आलेली बारा माशांची पिशवी कोपऱ्यात पडली होती. मी ती उघडली आणि पाण्यासकट टाकीत ओतली. मी. नऊ दिवसांत टाकीतला एक मासा उरला नाही. बाईंनी विचारलं, "नवे मासे कुणी टाकले?" आणि त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणालो, "धाकट्याने."

तू माझ्याकडे पाहिलंस. जाळी बादलीवर आडवी ठेवलीस, ओले हात पँटला पुसलेस आणि गेलास. मीही रागावलोच तुझ्यावर. बोलला का नाही हा? एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथे कबूल झालो असतो, असं नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. थाप आहे ती. मी झालो नसतो.

या रोगाचं एक तुला ठाऊक आहे. किडा कातडीखाली बसलेला असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो सुटून पाण्यात आला की मगच मरतो. रविवारी पाण्यात औषध घालताना मी हे वहिनीला समजावून सांगत होतो. ती टॉवेल घडी करत म्हणाली, "मग तुम्ही कधी सुटताय?"

काल दवाखान्यात जाऊन आलो. हॉल पेशंटांनी भरलेला. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, ते मासे मी टाकले होते. माझा भाऊ त्या वेळी इथे नव्हताच." त्यांना आधी आठवेना. आठवलं तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नऊ वर्षं लागली दिसायला? बसा, नंबर काढून देते." लोक हसले. हसू देत.

तेव्हा आता माझ्यावर विश्वास ठेव आणि कामाला लाग. पाणी एकदम नाही, रोज थोडं थोडं गरम कर. हवेचा पंप वाढव, गरम पाण्यात त्यांना दम लागतो. फिल्टरमधला कोळसा काढ, नाहीतर औषध तोच पिऊन टाकेल. तळाचा गाळ रोज उपस. आणि ठिपके गेले म्हणून थांबू नकोस, त्यावर आणखी आठवडाभर चालू ठेव. शेजारच्या हौदात तीच जाळी घातलीस तर मी तिथे येऊन तुझा कान धरेन.

तुझे चाळीसातले अडतीस अजून आहेत. आजारी म्हणून परत पाठवणार नाही, भरपाई मागणार नाही. दुकानात नवी पाटी लावली आहे: 'नवे मासे एकवीस दिवस विकायला नाहीत. नियम माझ्या धाकट्या भावाचा आहे. वाद त्याच्याशी घालावा.' हेडमास्तर तुझा पत्ता मागत होते.

या पत्रात मी माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कागदावर मागून सुटायचं, एवढी सूट मी स्वतःला देणार नाही. मासे बरे झाले की पिशव्या घेऊन तुझ्या फाटकाशी येतो. तोंडावर दार लावायचं तर लाव. मासे तेवढे आत घे, आणि त्यांना आधी वेगळं ठेव, माझ्याकडून आलेत म्हणून जास्तच. मी बाहेर थांबेन. एकवीस दिवस म्हणालास तर एकवीस दिवस.

ज्याने पिशवी उघडली होती तो,
तुझा दादा