एकेचाळीस चित्रं, माझी सही

४ एप्रिल, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. या घरात माझं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून.

समता बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, मी बी.डेस. करणार, टेक्सटाइल डिझाइन. म्हणजे चार वर्षं कापडाकडे बघत बसायचं आणि वर डिग्री घ्यायची! आम्ही काय पडदे शिवायला पोरीला शिकवलं?

निश्चय: रागवायचं नाही. शांतपणे यूपीएससीकडे वळवायचं. चहा बिनसाखरेचा.

सायंकाळी ७. रागावलो. चहा साखरेचा घेतला, पण तो रागावल्यामुळे. दोष समताचा.

६ एप्रिल, रविवार
पुतण्या समाधानला दिल्लीतल्याच मुनिरकाहून मुद्दाम जेवायला बोलावलं. पुसदचा पोरगा, खोलीला खिडकी नाही, यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, तरी वाचतोय. समताला आदर्श दिसावा हा हेतू. आदर्शाने सात पोळ्या खाल्ल्या, तिची चित्रं पाहिली आणि म्हणाला, काका, हिला बिल्कुल अडवू नका. यापुढे त्याला बोलवायचं नाही.

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीचा कार्यक्रम, फरीदाबादचं विहार. एका डायरेक्टरसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या, अच्छा, डिझाइन? आमच्या भाच्याला दोनदा नाही मिळालं हो, तीसच सीट असतात.

तीसच! हे मला आधी कुणी सांगितलं का? मी लगेच म्हणालो, मीच घातलं तिला त्या लाइनला. कौसल्या माझ्याकडे बघतच राहिली. नवऱ्याची दूरदृष्टी बायकोला कधी दिसत नाही.

२७ एप्रिल, रविवार
समता डिझाइनच्या लेखी प्रवेश परीक्षेत पास झाली. आता मुलाखत आणि पोर्टफोलिओ. पोर्टफोलिओ म्हणजे चित्रांची फाइल. फाइल म्हटल्यावर विषय माझ्या अखत्यारीत आला. एकोणतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फाइलीच केल्या.

कॉलेजचं सूचनापत्र वाचलं. कसली ती भाषा! रफ कामसुद्धा आणा म्हणे. रफ काम कुणी दाखवतं का? पण एक मुद्दा महत्त्वाचा: काम अस्सल आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं असल्याची खात्री पॅनेल करून घेईल. कशी करणार, ते लिहिलेलंच नाही. मोठमोठे प्रोफेसर, आणि कार्यपद्धतीचा पत्ता नाही.

समता म्हणाली, पप्पा, प्लीज, तुम्ही यात पडू नका. पोरगी लाजते.

११ मे, रविवार
समता क्लासला, कौसल्या बाजारात. फाइल ताब्यात घेतली. एकूण एकेचाळीस चित्रं. बहुतेक पानिपतची. पाच-सहा वेळा गेली होती तिकडे, मला वाटलं मैत्रिणीकडे जाते. हातमाग, विणकर, लोकर पुन्हा कातायला आलेल्या जुन्या कोटांची बटणं कापत बसलेल्या बायका. बायकांचे चेहरे थकलेले. जरा हसऱ्या काढायला काय झालं होतं?

पृष्ठक्रमांक घातले. मग कॉलेजला सुचलं नाही ते मी केलं. राजपत्रित अधिकारी आहे, फुकटचा नाही. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात अटेस्टेडचा शिक्का मारला आणि खाली पूर्ण सही: शामराव गो. रामटेके. हिरवी शाई, म्हणजे पुसता येणार नाही.

समाधानला फोनवर सांगितलं. म्हणाला, काका, ओरिजिनलवर? मी म्हटलं, तू तुझी प्रिलिम बघ.

१३ मे, मंगळवार
समताने फाइल उघडली. उद्या मुलाखत. एक चित्र खिडकीशी नेऊन बघितलं, मग दुसरं, मग तिसरं. एकेचाळीसही बघितली. मग रडली. कौसल्याने मला विचारलं, तुम्हाला अक्कल आहे का? लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हा प्रश्न आज.

पोरगी भारावली असावी. जेवली नाही.

१४ मे, बुधवार
दुपारी ४. आली. पॅनेलने विचारलं, ही सही कोणाची? ती म्हणाली, वडिलांची. मग चित्रं वडिलांनी काढली का? चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, असं यांचं म्हणणं. शिक्का डोळ्यांना दिसत नाही का! अडाणी लेकाचे.

तिला तिथेच अर्धा तास बसवून चित्र काढायला लावलं. ते त्यांना आवडलं म्हणे. पण नियमाप्रमाणे शुक्रवारपर्यंत वडिलांचं लेखी पाहिजे: चित्रं तिची, सही माझी. तीन ओळी पुरतील, असं पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या.

समताने तीन ओळी स्वतः लिहून आणल्या आणि म्हणाली, यावर फक्त सही करा, पप्पा, बाकी काही नको. पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होती. बरं वाटलं.

१५ मे, गुरुवार
तीन ओळींचा मसुदा वाचला. कच्चा आहे. ‘चूक’ हा शब्द आलाय. नोकरीत मी चूक लेखी मान्य केलेली नाही, आता पोरीच्या नादाने करू? शिवाय वडिलांचं स्थान कुठेच येत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी आपोआप मोठी झाली.

सुधारित मसुदा दीड पानाचा झाला. मुख्य वाक्य झकास जमलं: सदर चित्रे माझ्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली व देखरेखीखाली, वेळोवेळी केलेल्या सुधारणांसह, तयार झालेली आहेत. यावर कोण शंका घेणार?

१६ मे, शुक्रवार
पत्र दिलं. समता म्हणाली, वाचू दे. मी सांगितलं, सीलबंद पाकीट आहे, उघडायचं नसतं. तिने विचारलं, तीन ओळीच आहेत ना? मी म्हटलं, त्याच आहेत, जरा व्यवस्थित मांडल्यात.

थँक यू पप्पा, म्हणाली. ऑफिसात पेढे सांगून ठेवले.

१० जून, मंगळवार
यादी लागली. नाव नाही. वेटिंगमध्येही नाही.

सेटिंग! सरळसरळ सेटिंग. निश्चय: कॉलेजच्या डायरेक्टरकडे तक्रार, मग आरटीआय, मग कोर्ट. सोडणार नाही एकेकाला. समता खोलीत. दार बंद.

११ जून, बुधवार
रजा टाकून कॉलेजात गेलो. कानात बाळी घातलेला एक पोरगा मला ‘अंकल’ म्हणाला, त्याला तिथल्या तिथे समज दिली. आवाज चढवल्यावर फाइल बाहेर आली. शेरा वाचायला दिला.

लाइव्ह ड्रॉइंग उत्तम, तीसपैकी अठ्ठावीस. तथापि वडिलांच्या स्वतःच्या लेखी निवेदनानुसार चित्रे त्यांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली व सुधारणांसह तयार झाली असल्याने, विद्यार्थिनीचे स्वतंत्र काम म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.

दोनदा वाचला. भाषेत खोट काढता आली नाही. निम्मी माझीच होती.

पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही तिला शिकवता का? मी म्हटलं, माझी मेट्रो चुकेल.

घरी सांगितलं की सगळे भ्रष्ट आहेत. समता म्हणाली, पप्पा, मॅडमचा मला फोन आला होता, त्यांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता तरी आलं असतं.

१५ जून, रविवार
समता सकाळी पानिपतला गेली. वर्षभर एका हातमागाच्या कारखान्यात काम शिकणार, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार. सगळं कौसल्याशी ठरलेलं. मला जिना उतरताना कळलं. बॅग धरायला पुढे झालो, तर म्हणाली, राहू दे, पप्पा.

दुपारी तिच्या खोलीत बसलो. टेबलावर रंगांचे डाग आहेत, एक-दोन नाहीत, वर्षानुवर्षांचे आहेत. कौसल्या चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, मी तिला काही शिकवलं नाही गं. ती चित्र काढत असताना मी एकदाही बघितलेलं नाही.

कौसल्या म्हणाली, हेच लिहून द्यायचं होतं.