वरच्या कप्प्यातली जिवंत माणसं

मी, सारिका हैबती कळंबे, वय त्रेपन्न, धंदा फोटोग्राफी, मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, हल्ली राहणार महाड बाजारपेठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दुकानाचे शटर आतून ओढून घेऊन लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ज्यांना शंका येणार आहे ती माझीच माणसे आहेत आणि मी त्यांना ओळखते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे निघालेच तर ते खोटे समजावे आणि ज्याच्या खिशातून निघाले त्याच्या तोंडाकडे नीट बघावे.

मी लग्न केले नाही. लग्ने इतकी जवळून पाहिली की इच्छा राहिली नाही. मागे धाकटा भाऊ अनिल, राहणार मुंबई, आणि माझ्याकडे दुकानात हाताखाली असलेला त्याचा मुलगा दीपेश, एवढेच माझे म्हणण्यासारखे आहेत.

कलम १. दुकान व त्यावरची खोली.

दोन्ही अनिलला द्यावीत. तो लहानपणी चांगला मुलगा होता. आता चांगला माणूस आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गेल्या श्रावणात पित्ताच्या खड्यांसाठी मी दवाखान्यात होते तेव्हा तो मुंबईहून धावत आला, माझ्या उशाशी बसला, डोळे पुसले आणि "दुकान जरा झाडून घेतो" म्हणून किल्ली घेऊन गेला. संध्याकाळी कमळाबाई डबा घेऊन आल्या. कमळाबाई माझ्या पायरीवर भाजी विकतात आणि महाडात काय चालले आहे ते महाडाच्या आधी त्यांना कळते.

"सारके, तुझा भाव टेप लावीत होता गो भिंतीला."

"पंखा बसवायचा असेल."

"पंखा काय जमिनीवर बसवतात?"

मी अनिलला विचारले. तो म्हणाला, "कपाट बसतंय का बघत होतो, ताई." कोणते कपाट, ते त्याने सांगितले नाही. मी दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने तीनचार वेळा फोनवर "ताई, एकदा कागद करून टाक" असे सुचवले. कागद केला आहे. दुकानात त्याने मोबाइल विकावेत की चपला, माझे म्हणणे नाही. फक्त पाटीवर त्याच्या सासऱ्यांचे नाव येऊ नये. त्यांनी माझ्याकडून साठीचा मोठा फोटो करून घेतला आणि दिवाणखान्यात लावून पाहुण्यांना "मुंबईत काढला" म्हणून सांगतात.

कलम २. कॅमेरे, दिवे, दिव्यांच्या छत्र्या आणि उडणारे यंत्र.

या धंद्यात मी कॅमेऱ्यासाठी आले नाही, पदरासाठी आले. आमच्या जुन्या मालकांना नवरीचे फोटो काढताना तिचा पदर नीट करायला बाई हवी होती. पुरुषाने हात लावला असता तर तिथेच लग्न मोडले असते. मी पदर सरळ करता करता उजेड कुठून येतो ते पाहात गेले. मालक म्हातारे झाले, त्यांचा हात थरथरू लागला, आणि एके वर्षी लग्नसराईत लोकांच्या ध्यानात आले की मालक नुसते कॅमेऱ्याशेजारी उभे आहेत आणि फोटो मी काढते आहे. तोवर पैसे देऊन झाले होते.

हे सामान विकून येतील ते पैसे अनिलच्या बायकोला द्यावेत, तिच्या हातात. तिला अनिल मध्ये ठेवून काही देऊ नये.

उडणारे यंत्र, म्हणजे ड्रोन, दीपेशला. ते त्यानेच मला घ्यायला लावले. "आत्या, आता खालून फोटो कोण काढतो? लोकांना वरून पाहिजे." आंबेनळी घाटात एका होणाऱ्या नवरा-बायकोला धुक्यात उभे करून त्याने ते उडवले. धुक्यात ते गेले ते गेलेच. सबब, ते जसे आहे आणि जिथे आहे तसे आणि तिथे त्याला देण्यात येत आहे.

कलम ३. कोट.

खुंटीवरचा निळा कोट चंदू फोटोवाल्याला द्यावा. समोरच्या गल्लीत दुकान टाकल्यापासून त्याचा डोळा या कोटावर आहे. महाड-पोलादपूरच्या निम्म्या नवरदेवांनी स्थळासाठी फोटो काढताना हाच कोट घातला. मागून चिमटे लावले की तो कोणालाही बसतो. एकदा एका मुलीच्या बापापुढे एकाच आठवड्यात दोन स्थळांचे फोटो गेले. तो दोन्ही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, कोट सेमच हाय. पोरगा तरी प्रत्येकाचा स्वतःचा हाय ना?" मी त्याला सांगितले, दोघांनाही घरी जाऊन बनियनवर बघा. लोकांवर संशय घ्यायला मी या कोटाकडून शिकले. चंदूनेही शिकावे.

कलम ४. लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा.

हे मृत्युपत्र मी या कलमासाठी करत आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

आमच्या वरच्या वाड्यांमधली तरणी माणसे मुंबईत आणि म्हातारी गावात. म्हातारे माणूस गेले की कार्याला हार घालायला फोटो लागतो. मुलगे मोबाइल घेऊन येतात. त्यात आई असते, पण कोपऱ्यात, अर्धी, घास तोंडात, नाहीतर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमागे. मग ते तोंड कापायचे, मोठे करायचे, मागे आभाळ लावायचे. एकजण मला म्हणाला, "आईच्या गळ्यात चार पदरी माळ टाका." मी विचारले, "होती ती कोणी मोडली?" तो चंदूकडे गेला. चंदूने टाकली.

हे म्हाताऱ्यांच्या कानावर जाते. म्हणून म्हाताऱ्या बाजाराच्या दिवशी, एकट्या, नवे लुगडे पिशवीत घालून माझ्याकडे येतात आणि हळूच सांगतात, "मागं ठेवायचा काढ." मी काढते, मोठा करते, चौकटीत बसवते, पाकिटात घालते. पण म्हाताऱ्या तो घरी नेत नाहीत. हाराचा फोटो आधीच घरात आणला तर मरणाला बोलावणे धाडल्यासारखे होते, आणि मुलांना कळले तर "आये, तुला काय झालंय?" पासून "आये, जमिनीचं काय?" पर्यंत जायला त्यांना वेळ लागत नाही. म्हणून तो माझ्याकडे राहतो, वरच्या कप्प्यात, कारण सावित्री नदीचे पाणी बाजारात शिरते तेव्हा खालच्या कप्प्याला विचारत नाही. माणूस गेले, घरचे फोटो करायला आले, की मी तयार फोटो पुढे ठेवते. कितीतरी मुलगे तो हातात घेऊन माझ्या स्टुलावर बसून राहिले आहेत. आईने कॅमेऱ्याकडे इतके सरळ बघितलेले त्यांनी कधी पाहिलेले नसते.

यात नियम एकच. माणूस जिवंत असेपर्यंत फोटोबद्दल कोणालाही, घरच्यांना तर मुळीच, बोलायचे नाही.

मी दवाखान्यात असताना दीपेश दुकान सांभाळत होता. त्याने कप्पा उघडला. चौकटीतले म्हातारे चेहरे बघून त्याला वाटले, ही गेलेली माणसे आणि आत्याने ऑर्डरी दाबून ठेवल्या आहेत. मुलगा कामसू. त्याने तुडीलच्या बनुबाईंचा फोटो घेतला, भोवती झेंडू लावले, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिले, दुकानाचा नंबर टाकला आणि मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. म्हणे जाहिरात.

दुपारपर्यंत बनुबाईंचे दोघे मुलगे मुंबईहून एका गाडीने दारात. थोरल्या राजेशने वाटेतच नव्या पांढऱ्या कपड्याची सोय केली होती. बनुबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत होत्या.

"काय रे, सुट्टी हाय का?"

राजेश तिथेच खाली बसला. धाकटा रडला. मग दोघे चिडले, मग जेवले. मग राजेश दुकानात येऊन दीपेशला जे बोलला ते कमळाबाईंनी मला अभिनयासकट सांगितले, पण ते कागदावर येण्यासारखे नाही.

मी घरी आल्यावर बनुबाई स्वतः आल्या. मी हात जोडले.

"बाय, माझं चुकलं."

"तुझं काय गो त्यात? गणपतीला एक येतो तर दुसरा नाय. मी मेली म्हनून दोघंपन आली. भावांनी एका ताटात खाल्लं."

"मग बरं झालं म्हणायचं."

"बरं कसलं! जाताना राजेश इचारतो, आये, सातबारा कुठं ठेवलायस?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, ज्या दिशी खरी मरीन त्या दिशी सांगीन."

त्या हसत होत्या. पण उठताना पाकीट उघडायला लावले, आपला फोटो पुरता निरखला आणि म्हणाल्या, "ह्यो आता तुझ्याकडं कोनाच्या भरोशावर ठेवू? उद्या तू गेलीस म्हंजे?"

त्या आठवड्यात कितीतरी जण आपापली पाकिटे परत न्यायला आले. न्यायला आले, पण नेऊन ठेवणार कुठे? पाकीट हातात धरून उभे राहिले आणि पुन्हा माझ्याकडेच देऊन गेले. माझ्या मागे हा कप्पा अनिलच्या दुकानात आणि दीपेशच्या हाताखाली राहिला, तर या माणसांना मेल्यावर गळ्यात खोटे दागिने आणि जिवंतपणी झेंडू, यापलीकडे काही मिळणार नाही. म्हणून हा कप्पा त्या दोघांना नाही. त्यांनी तो उघडूही नये.

कलम ५. समीक्षा.

समीक्षा सकपाळ माझ्या हाताखाली तयार झाली. लग्नांना पदर तीच सरळ करायची. मग एक दिवस नमस्कार करून गेली आणि पोलादपूरला एस.टी. स्टँडसमोर स्वतःचा स्टुडिओ काढला. मागचा पडदा माझ्यासारखाच, हंसांचा. बसायचे स्टूल माझ्यासारखेच. माझी निम्मी गिऱ्हाइके तिकडे उतरू लागली. तेव्हापासून आमचे बोलणे नव्हते. तिने मला लुटले असे माझे मत होते व आहे.

पण तोंड बंद कोण ठेवते, हा प्रश्न घेऊन मी जिथे जिथे गेले तिथे तोंडे उघडीच होती. म्हणून मी पोलादपूरला गेले. ती मला बघून उभी राहिली.

"ताई? तुम्ही?"

"मागं ठेवायचा काढायचाय. माझाच."

तिने स्टूल पुसले, दिवा वळवला.

"ताई, हनुवटी जरा खाली."

"मला शिकवू नकोस."

"मी नाय शिकवत. तुम्हीच सांगून ठेवलंय, हनुवटी वर असली की माणूस भांडल्यासारखा दिसतो."

"मग मी कशी दिसते?"

"भांडल्यासारख्याच. पण फोटोत नको."

मी हनुवटी खाली घेतली. फोटो तिच्याकडेच ठेवून आले. मग तिचे तोंड पारखायला आधी कमळाबाईंना पाठवले. त्या समीक्षाच्या दुकानात पाणी पिऊन, पंख्याखाली बसून, इकडचे तिकडचे बोलून शेवटी विचारत्या झाल्या, "सारकी आली होती म्हनं?" समीक्षा म्हणाली, "कोण, सारिकाताई? त्या मेल्या तरी माझी पायरी चढायच्या नाहीत." हे मला लागले, पण बरे वाटले.

मग मी दीपेशच्या कानावर पडेल अशा बेताने बोलले की मी माझा हाराचा फोटो पोलादपूरला समीक्षाकडून काढून घेतला आहे. अपेक्षेप्रमाणे अनिल मुंबईहून निघाला तो मला न भेटता सरळ पोलादपूरला, पेढे घेऊन. समीक्षाने पेढा खाल्ला आणि नाही म्हणून सांगितले. रात्री त्याचाच मला फोन.

"ताई, तू फोटोबिटो काढून ठेवलास असं दीपू म्हणतो."

"तुला खरं वाटलं?"

"मी विचारून आलो. समीक्षा म्हणाली, तसं काय नाय."

"मग?"

"मग ठीक आहे."

एवढे बोलून त्याने फोन ठेवला. आयुष्यभर मी तोंडे वाचली. आवाज वाचता येत नाहीत. बहिणीला काही झाले नाही म्हणून ठीक, की घाई करायला नको म्हणून ठीक, हे मला आजवर कळलेले नाही.

असो. वरच्या कप्प्यातली सर्व पाकिटे समीक्षाला द्यावीत. द्यावीत म्हणजे तिने न्यावीत. दुकानाची व कपाटाची एकेक किल्ली तिला आजच दिली आहे आणि काय करायचे ते तोंडी सांगितले आहे. मी गेल्याचे कळताच, कोणाची परवानगी न घेता, पाकिटे उचलून न्यावीत आणि माझ्याच नियमाने सांभाळावीत. सोबत माझा हंसांचा पडदाही न्यावा. तिचा पडदा चोरीचा आहे हे विधान मी मागे घेत नाही. आता मूळही तिलाच दिल्यामुळे तक्रार मात्र संपली.

कलम ६. माझा फोटो.

हे मृत्युपत्र वकिलांकडे बंद लखोट्यात राहील आणि माझे तेरावे झाल्यावरच उघडले जाईल, असे मी त्यांच्याकडून लिहून घेतले आहे. तोवर जे व्हायचे ते झालेले असेल.

समीक्षाने माझ्या बाबतीतही रीत मोडू नये, हेही तिला सांगून ठेवले आहे. स्वतःहून फोटो नेऊन देऊ नये, निरोप धाडू नये, अनिलचे पेढे खाल्ले म्हणून विरघळू नये. घरचे कोणी येऊन "ताईचा एखादा चांगला फोटो असला तर द्या" असे म्हणाले, तरच द्यावा. मला वाटते कोणी जाणार नाही. दीपेशच्या मोबाइलात मी एखाद्या लग्नात कॅमेऱ्यामागे वाकलेली सापडेन. तेच तोंड कापून, मागे आभाळ लावून, वर हार घालतील. अनिलने उठून पोलादपूरला जावे, एकदा नाही म्हणालेल्या मुलीला पुन्हा विचारावे आणि माझा अंदाज साफ चुकवावा, अशी माझी इच्छा आहे. मृत्युपत्रात इच्छाच लिहायची असते, म्हणून लिहिली.

वरील मजकूर मी लिहून, पुन्हा वाचून, खाडाखोड न करता त्यावर सही केली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपली सही व अंगठा केला. त्यांना मजकूर वाचू दिलेला नाही. कमळाबाईंनी प्रयत्न केला, पण म्हणे चष्मा घरी राहिला होता.

(सही) सारिका हैबती कळंबे

साक्षीदार:
१. सदू टेलर, शेजारचे दुकान (सही)
२. कमळाबाई, भाजीविक्री, माझी पायरी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: महाड
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५