नवाबच्या नावाचा अहवाल

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं.

तुझ्या नवाब कुत्र्याची दोन पिल्लं मेली आणि तू ती विकत घेणाऱ्यांनाच झापलंस, “कुत्रं सांभाळायची अक्कल नाही तुम्हाला!” अरे, त्या पिल्लांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचतच नव्हत्या. साधा काटा लागला तरी पाय सडायचा. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच पिल्लू आजारी पडतं. आणि तू तर नवाबची जोडी त्याच्याच लेकीशी लावलीस, का तर जात शुद्ध राहावी!

मग आमच्या प्रयोगशाळेत नवाबच्या लाळेचा नमुना पाठवलास. निर्दोष निघाला. पण दीडशहाण्या, तो मादीचा होता! भलत्याच कुत्रीचं तोंड पुसून पाठवलंस, आणि तपासणारी बहीणच आहे म्हणून निर्धास्त राहिलास.

आज तुझ्याकडून पिल्लू घेतलेल्या मास्तरीणबाई आल्या होत्या. एका हातात मेलेल्या पिल्लाचा पट्टा, दुसऱ्या हातात तू दिलेला अहवाल.

“बाप निरोगी आहे असं लिहिलंय यात. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं ना हो?”

“नाही, तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. बोलताना अहवाल हातात घेतला आणि खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. तिथे माझी सही आहे, नमुना मादीचा आहे हे दिसत असताना केलेली.

हे पत्र तुला पाठवणार नाही. पाठवलं, तर तू मला फक्त तो कोपरा दाखवशील.

तुझीच सख्खी बहीण