भद्र जा, भद्र ठेव

७ जून
आत्या आजही दारातून म्हणाली, "भद्र जा गे." तंजावरच्या मराठीत हा शब्द तमिळातून आलाय, अर्थ जपून, सांभाळून. पुण्यात वाढलेल्या माझ्या कानाला मात्र वाटतं, सभ्यपणे जा. गेले सभ्यपणे. बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडलेसुद्धा नाही.

संस्था मिठाईच्या दुकानाच्या वर. पाटीवर विज्ञान आणि सुरक्षा धोरण वगैरे भारदस्त, जिन्यात तुपाचा घमघमाट. इंटर्न दोघीच, मी आणि कयल. क. तिरुवैयारूची, फिजिक्सवाली, हसायला लागली की आवरत नाही. काम असं: आसपासच्या कॉलेजांत जाऊन विचारायचं, प्रयोगशाळेतली घातक रसायनं, जंतूंच्या बश्या कशा सांभाळता. त्यावरून आमच्या संचालक वसंती मॅडम जुलैअखेर चेन्नईच्या बैठकीत टिपण मांडणार. ते पसंत पडलं तर काम सहा महिने वाढणार, आम्हा दोघींसकट. नाहीतर प्रमाणपत्र घ्या आणि चला.

मला ते वाढायला हवंय. पुण्यात एम.एस्सी.चा प्रवेश झालेला आहे, ऑगस्टात वर्ग. बाबांना यातलं काही बोलले नाही.

१२ जून
प्रश्नावली इंग्रजीत आली. क.ने तमिळ केलं, तपासायचं मी. माझं तमिळ वाचन म्हणजे अक्षर अक्षर लावत जाणं. इंग्रजीत दोन भाग आहेत, एक 'सेफ्टी', एक 'सिक्युरिटी'. क.ने दोन्हीकडे 'पादुकाप्पु' घातलंय. मनात मराठी करून पाहिलं: सुरक्षा, सुरक्षा. चोख. खाली ऐटीत सही ठोकली.

आत्याला देवनागरी येत नाही. बोलते मराठी, लिहिते तमिळ. ही वही बघून म्हणाली, दोरीवर कापडं वाळत घातल्यासारखी अक्षरं तुझी. चला, म्हणजे वही उघडी टाकायला हरकत नाही.

१९ जून
पापनाशम. पहिलं कॉलेज. दोघींनी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली, क.ने तर गजराही माळलेला. जीवशास्त्राच्या बाई फार गोड. सुरक्षा आहे का? आहे. दाखवा. बाईंनी फ्रिजचं कुलूप उघडून दाखवलं. आत जंतूंच्या बश्या, आणि बश्यांना टेकून दहीभाताचा डबा. कुलूप का, तर मागे कोणीतरी दहीभात खाल्ला होता म्हणे.

क. बाहेर व्हरांड्यात जाऊन खांबाला धरून हसली. मी आत उभी राहून गंभीरपणे 'सुरक्षा: आहे' असं लिहिलं. येताना दोघी खिडकीशी बसलो. दोन्हीकडे रोपं लावायला तयार केलेली शेतं. फार बरं वाटत होतं, उगाचच.

२४ जून
बरं वाटणं संपलं. ओरत्तनाडुच्या कॉलेजची उत्तरंही आली, मॅडमनी सगळे कागद टेबलावर पसरले. अपघात होऊ नये म्हणून काय करता, याला उत्तरं: वॉचमन आहे, कुलूप आहे, भिंतीवर काचा लावल्यात. चोरी होऊ नये म्हणून काय करता, याला: हातमोजे, वाळूची बादली, चप्पल घालूनच आत या. एकजात सगळ्यांची अशीच.

मॅडम रागावत नाहीत, तेच वाईट. शांतपणे विचारलं, "तुम्ही दोन प्रश्न विचारले, की एकच दोनदा?"

क. माझ्याकडे बघते, मी क.कडे. तमिळात एकच शब्द, मराठीतही एकच, आणि तपासणारी मी. सगळी माहिती पाण्यात. मॅडम म्हणाल्या दुरुस्त करा, नाहीतर टिपणातून हा भाग काढावा लागेल. हा भाग गेला की आम्हीही गेलो.

घरी आल्यावर आत्याने अंबट केलं होतं, चिंचेचं कालवण, माझ्या आवडीचं. जेवले नाही नीट. आत्याने ताट झाकून ठेवलं.

२७ जून
क.ने तोड काढली. 'सिक्युरिटी'ला 'कावल' लिहू, म्हणजे पहारा, राखण. मी म्हटलं छान. आज एका कॉलेजात पहिला प्रश्न विचारला: तुमच्या प्रयोगशाळेची 'कावल' कशी आहे? प्रयोगशाळा सांभाळणारे सर पांढरेफटक. तमिळात पोलीस खात्याच्या पाटीवरही हाच शब्द, हे क.च्या लक्षात नव्हतं, माझ्या तर कुठून असणार. सरांना वाटलं चौकशी आली. प्राचार्य धावत. कॉफी आली, भजी आली. मागच्या बाजूला कोणीतरी घाईघाईने फरशी धुवायला घेतली.

खरं सांगितलं तरी विश्वास बसेना. निघताना प्राचार्यांनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं, हात जोडून.

बसस्टॉपवर आधी हसलो, मग क. एकदम रडली. तिच्या घरी नोकरी नाहीतर लग्न असं चाललंय, सहा महिने मिळाले तर तिला हवेच आहेत.  तिचा गजरा सरळ केला.

३० जून
सापडलं. आत्याच्या स्वयंपाकघरात.

संध्याकाळी आत्या देवळात निघाली. चपला घालता घालता नेहमीचं सुरू: "गॅस भद्र. बीरोची चावी भद्र ठेव." बीरो म्हणजे कपाट. मी वैतागलेलीच होते. विचारलं, गॅसपण भद्र, चावीपण भद्र, सगळं एकच कसं ग तुझं?

आत्या मुलींच्या शाळेत तीस-एक वर्षं केमिस्ट्री शिकवत होती. उंबऱ्यात थांबली. वर्गातलाच आवाज काढला.

"एक कसें? गॅस आपल्याला काय करील म्हणून भद्र. चावीला कोण काय करील म्हणून भद्र. शब्द एक, भय दोन."

आणि गेली देवळात. मी तिथेच ओट्याला टेकून. शब्द शोधायचाच नाही! भीती विचारायची. एक, वस्तूने माणसाला काही करू नये म्हणून काय करता. दोन, माणसाने वस्तूला काही करू नये, नेऊ नये म्हणून काय करता. क.ला फोन केला. ती ओरडली, मागून तिची आईपण काय झालं म्हणून ओरडली.

गॅस बंद करायला विसरले होते. दूध उतू गेलं. आत्याला आल्यावर सांगितलं, पहिलं भद्र हुकलं.

४ जुलै
तिरुवैयारूत नवे प्रश्न विचारले. चालले! पहिल्याला हातमोजे, दुसऱ्याला कुलूप. जिथल्या तिथे. एक सर दुसऱ्या प्रश्नाला म्हणाले, खरं सांगू का, हा विचार आम्ही कधी केलाच नाही, ॲसिडच्या बाटल्या व्हरांड्यातच असतात. क.ने टेबलाखालून मला लाथ मारली. आनंदाने.

मॅडमना दाखवलं. दोनदा वाचलं, मग खालून जिलेबी मागवली. बाई कधी कोणाला चहासुद्धा पाजत नाहीत असं ऐकून होतो.

११ जुलै
पापनाशमला परत. बाईंनी आम्हाला बघताच फ्रिज उघडून दाखवला. दहीभात नाही! डबा आता बाहेर टेबलावर. पण कुलूपही काढलेलं. म्हणाल्या, आता चोरण्यासारखं आत काही नाही. क. पुन्हा खांबाकडे पळाली. मी बाईंजवळ बसून दोन भीतींची गोष्ट सांगितली, आत्याच्याच शब्दांत. बाई हसता हसता उठल्या आणि कुलूप परत लावलं.

मला हे काम आवडतं. इथे लिहून ठेवते, नंतर नाकारायला नको.

२४ जुलै
टिपण पूर्ण. मुखपृष्ठामागे आमची दोघींची नावं. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, तरी चालेल. नाही, चालणार नाही, उद्या सांगते. आत्याचा दाखला 'एक निवृत्त शिक्षिका' म्हणून घातलाय. तिला वाचून दाखवलं. नाव कां नाहीं, म्हणून दिवसभर रुसली.

३१ जुलै
मॅडम चेन्नईहून आल्या. जिन्यातूनच सांगितलं: पसंत. सहा महिने. बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा दहीभाताचीच झाली म्हणे. क.ने तिथेच मला मिठी मारली, मिठाईवाला वर बघत राहिला.

घरी फोन केला.  बाबा म्हणाले, सहा तारखेच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय, एम.एस्सी.ची जागा पुन्हा मिळेल का विचार कर, तूच ठरव. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

३ ऑगस्ट
आडी अठरा, तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीच्या पूजेचा सण. क.कडे तिरुवैयारूला. कावेरी भरून वाहत होती. घाटावर बायकाच बायका, चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, सगळे रंग पानावर. क.च्या आईने माझ्याही गळ्यात पिवळा दोरा बांधला. क.चं लग्नाचं बोलणं पुढे ढकललंय, आई स्वतःच सांगत होती. क. पाण्यात पाय सोडून गाणं म्हणत बसलेली, बेसूर. इतका आनंद मला पुण्यात कधी झाल्याचं आठवत नाही.

मॅडमना उद्यापर्यंत उत्तर हवंय.

४ ऑगस्ट
मॅडमकडून दोन दिवस मागून घेतले. दिले. सहा महिन्यांच्या नेमणुकीचं पत्र हातात ठेवलं, सहा तारखेला सकाळी सांग म्हणाल्या.

५ ऑगस्ट
बॅग भरली. मग अर्धी काढली. आत्या दाराशी उभी राहून बघत होती. राहा म्हणत नाही, जा म्हणत नाही. तिकीट आणि मॅडमचं पत्र, दोन्ही खाटेवर. एकदा तरी विचारेल असं वाटत होतं. मीच विचारलं, आत्या, मी काय करू?

ती आत आली. तिकीट आणि पत्र एकावर एक ठेवून माझ्या हातात दिलं, मूठ मिटली. तिचे हात ओले होते, भांडी घासत होती.

"भद्र," म्हणाली.

पुढचा शब्द ऐकायला मी थांबले. जा, की ठेव. ती स्वयंपाकघरात गेली होती.