माळाचा वाटा

गोरेगाव, ता. सेनगाव

प्रिय तात्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे; दोन वाक्यं झाली की मी फोन तुझ्या वहिनीकडे देतो. आज मात्र पुष्कळ सांगायचंय, आणि ते मीच सांगायला हवं.

तुझ्या माळाची वाइन झाली. चार वर्षांपूर्वी माझ्या दिपालीनं तिथं द्राक्षं लावायचं काढलं, तेव्हा तू पुण्याहून नुसतं 'लाव' म्हणालास आणि इकडे अख्खं गाव हसलं. ज्या मुरमाड माळावर कुसळाशिवाय काही उगवलं नाही, तिथं म्हणे द्राक्षं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. माझ्याच आग्रहानं तिनं दोन ओळी माझ्या काळ्या रानातही लावल्या. काळ्यातले वेल असे माजले की पानांत घड शोधावे लागत. तुझ्या माळावरचे किडकिडीत, मणी हरभऱ्याएवढे. मी तिला चिडवलं, तर म्हणाली, "थांबा ना बाबा, काहून घाई करून राहिले?" ती नाशिकला ज्या कारखान्यात वाइन बनवते, तिथं तिनं दोन्ही रानांची वाइन वेगवेगळी केली.

गेल्या रविवारी ती दोन्ही बाटल्या घेऊन आली. सोबत एक मॅडम होत्या, वाइन चाखणं हेच त्यांचं काम. बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि दोन पेले माझ्यापुढे ठेवले. आधी मी निवडायचं. पेला फिरवायचा, नाक घालायचं, घोट तोंडात घोळवायचा. मॅडम घोट थुंकून टाकत होत्या. तुझ्या वहिनीला राहवलं नाही. "लेकरानं एवढी तकलीफ करून केली, अन् थुंकायची व्हय?" पहिला पेला गोडसर होता, जिभेवर आला आणि गेला. दुसऱ्यात नाक घातलं आणि पुन्हा एकदा घातलं. कुदळ दगडावर बसली की ठिणगीचा वास येतो ना, तो होता. मागून पिकल्या जांभळाचा तुरटपणा. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. कागद काढला, तर तुझा माळ. मॅडमचाही कौल तोच होता. त्या म्हणाल्या, हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. यात मुळांना खोल जावं लागतं, म्हणून फळ लहान आणि चव दाट. मी आपला मान हलवत होतो. पोरीचा असा अभिमान वाटला की डोळे पुसायला गोठ्यात गेलो.

मग सोबत खायचं काय, हा प्रश्न. वहिनीच्या काळ्या मसाल्याच्या मटणापुढे वाइन कडू लागली. तेव्हा मला तू आठवलास. लहानपणी कंदुरीच्या दिवशी बोकड कापलं की कलेजीचा तुकडा लांबवून माळावर पळायचास आणि नुसत्या मिठावर निखाऱ्यात भाजायचास. मी तशीच भाजून आणली. एक घास, एक घोट. या वेळी मॅडम थुंकल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. वाटणीच्या दिवशी रीतीप्रमाणे वाटे मी केले आणि आधी निवडायचा मान तुझा, धाकट्याचा. ओसरीवर मी एक काळं ढेकूळ आणि एक मुरमाचा खडा ठेवला. पंचांना सांगितलं, माळ दुप्पट आहे, म्हणजे वाटे बराबर झाले. झाले नव्हते, तात्या. पाळण्यातल्या दिपालीकडे बघून तू काळं रान आम्हाला सोडशील आणि खडाच उचलशील, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी वाटे तसे केले. तू उचललास आणि पोट भरायला पुण्याला गेलास. सत्तावीस वर्षं लोक म्हणत राहिले, तातेराव खुळा. मी एकदाही कुणाला गप्प केलं नाही. रविवारी आधी निवडायची पाळी माझ्यावर आली, आणि मी तुझाच वाटा उचलला.

माळ तर तुझाच आहे. बाटलीवर दिपालीनं नावही 'तातेरावचा माळ' असंच लिहिलंय. मी फक्त माझ्या काळ्या रानाचे दोन वाटे केलेत, एक विहिरीकडचा, एक ओढ्याकडचा. दोन्ही वाटे स्वतः फिरून मोजलेत. तू ये, कलेजी मी भाजतो. मग आधी तू निवड. या वेळी डोळे मिटून उचललास तरी चालेल.

तुझाच,
उत्तमदादा