शांत करायचं यंत्र

आईस,

लांबूनच पाया पडतो. अक्षर डाव्या हाताचं आहे, घाबरू नकोस. उजव्या हाताची बोटं सुजलीत, इतकंच. जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

तू विचारलंस, मी बनवतो तरी काय? मोठ्या गोल नळीत तापलेले कण एकमेकांना ढुशा देत पळत असतात. त्यांच्या सोबतीला त्याच वेगाने शांत इलेक्ट्रॉन सोडायचे. ते कणांचा ताप स्वतःवर घेतात. मग ते काढून नवे सोडायचे. असं यंत्र मी आखतो.

त्याची वीज बंद केली तरी आत दबा धरून बसते. म्हणून आधी जमिनीला जोडलेली काठी टेकवायची, मगच हात घालायचा. काल आमचे साहेब घाईत तसाच हात घालायला गेले. ओरडायला वेळ नव्हता. मी जबड्यावर ठोसा हाणला, ते आडवे झाले. काठी टेकवली, तर बंदुकीसारखा बार उडाला.

सगळे म्हणतात, तू साहेबांचा जीव वाचवलास. पण आई, त्यानंतर मी त्यांच्या छातीवर बसलो आणि मारतच राहिलो. ते हात जोडत होते. दोन दात पडले. तिघांनी मला ओढून काढलं. नोकरीचं बघू काय होतं ते.

आपल्या घरात इलेक्ट्रॉनचं काम तूच केलंस; बाबांचा हात उठला की त्यांचा ताप स्वतःवर घेतलास. तुझ्या जागी नवं मात्र कुणी आलं नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते खूश होतील.

तुझाच,
धाकटा