भोंग्यातलं फडकं

केंदूर, १२ जानेवारी २०२५

ति. हनुमंतमामांना साधनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आलं तरी 'व्हय, व्हय' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. माझी पीएच.डी. कारखान्यांतल्या बॉयलरच्या धोक्यांवर आहे. अपघात झाल्यावर सगळेच अभ्यास करतात, मला आधीच्या चुका हव्यात. सोबत प्रश्नांचा कागद आहे. तुमच्या दूध पावडरच्या कारखान्याचं खरं खरं लिहा. 'सगळं ठीक' लिहिलंत, तर तंबाखूची पुडी कुठे लपवता ते मामींना कळेल.

भाचीवर असाच जीव असू द्या.

आपली,
साधना

कासुर्डी, २० जानेवारी

चि. साधनाबाई डॉक्टरीण, अनेक आशीर्वाद.

इंजेक्शन न देणारी डॉक्टरीण आपल्या घराण्यात पैलीच. तू इचारलंस, धोक्याचा भोंगा वाजल्यावर काय करता? आमचा भोंगा बॉयलरमधलं पाणी कमी झालं की वाजायला पायजे. पर त्यो कवाबी वाजतो, शिफ्टला धा येळा. पळत जावं, तर बॉयलरची पातळी दावणाऱ्या काचेच्या नळीत पाणी जिथल्या तिथं. शेवटी आमचे सुपरवायझर सतीश साहेब म्हणाले की कोंबा त्याच्यात फडकं. म्या कोंबलं. तवापासनं शांतता हाय. अठ्ठावीस वर्सांत एक अपघात न्हाई. लिही तुझ्या पुस्तकात.

पुडीचं मामीला आधीच ठावं हाय. लोभ हायेच, कमी करू नको.

तुझा मामा

केंदूर, २७ जानेवारी

ति. मामा, नमस्कार, पण रागानं.

कासुर्डीचा हायवे कुणी अठ्ठावीस वर्षं डोळे मिटून ओलांडला, तर तो हुशार ठरत नाही. भोंगा खोटा हे तुम्हाला काचेनं सांगितलं. काच खरी हे कुणी सांगितलं? नळीचं तोंड गाळानं बुजलं, तर बॉयलरमधलं पाणी संपलं तरी काचेत दिसत राहतं. फडकं काढा. भोंगा वाजला की आधी नळी धुवा, मग मला शिव्या द्या.

काळजीत असलेली,
साधना

कासुर्डी, १० मार्च

चि. साधनास आशीर्वाद.

शिव्या देतच फडकं काढलं. गेल्या महिन्यात भर दुपारी भोंगा वाजला. काचेत पाणी निम्म्यावर. सतीश साहेब वरडले की फडकं कोंबा, गाडी भरायचीय. म्या म्हणलं, आधी नळी धुतो. नळीखालची तोटी उघडली, नळी धुतली, तोटी बंद केली. नळीत पाणी परत वर आलंच न्हाई. साधे, बॉयलरात पाणीच नव्हतं! आग बंद केली, समद्यांना भाईर काढलं. त्या तापल्या भांड्यात गार पाणी सोडलं असतं, तर हे पत्र मामीनं लिवलं असतं.

कारखाना दोन दिवस बंद. मला इनापरवानगी बॉयलर थांबवल्याचा मेमो. आन् सुरक्षा सप्ताहात अपघात टाळल्याचं बक्षीस सतीश साहेबांना. काय, तर प्रेशर कुकर! मामीला हसून हसून ठसका लागला.

परवा त्योच कुकर घिऊन साहेब दारात. खाली मान घालून म्हणाले की हा तुमचा हाय. म्या म्हणलं, कुकर वैनींना ऱ्हाऊ द्या, न्यायचाच तर माझा मेमो न्या. त्यांनी खरंच नेला. मॅनेजरच्या टेबलावर ठिवला आन् फडकं कोंबायला आपणच सांगितलं, असं लिवून दिलं. मग मलाबी ऱ्हावलं न्हाई. कोंबणारा मी, असं त्याच्या खाली लिवलं.

आता दोघांची चौकशी हाय. काल भोंगा दुरुस्त करायला पुण्यावरनं माणूस आला. आम्ही दोघं एका डब्यात जेवत बसलो व्हतो. साहेबांनी त्यांची भाकरी मोडून मला दिली.

मामावर माया ठिव.

हनुमंत